चाळीसनंतर बेचाळीस

उमरी, जि. नांदेड
२० जुलै २००३

ती. रेवणअण्णांस,
उमाचा सा. न. वि. वि.

“बाई, जित्यांना आपले आकडे घाला, मेलेल्यांना रोमन.” दहा वर्षांपूर्वी, भूकंपाच्या दिवशी दुपारी, आपल्या गावच्या शाळेच्या ओसरीत तहसीलचा कारकून मला हे म्हणाला होता. तुमचं पत्र वाचलं आणि आधी तेच वाक्य आठवलं. तेव्हा मी निलंग्याच्या शाळेत शिकवत होते. मिळेल त्या ट्रकनं गावी पोचले, तर अक्षर बरं म्हणून वही माझ्याच हातात दिली. एका वहीत दोन याद्या होत्या. मदत वाटताना घोटाळा नको, म्हणून आकडे वेगळे.

आपल्या वीरभद्राच्या आरतीनं क्लासचा बिल्ला संडासात टाकला म्हणून तुम्ही तिला बोललात. तुमचंही चुकलं असं म्हणत नाही. दर पंधरवड्याला परीक्षा, त्यावरून नऊ तुकड्या आणि तुकडीचा रोमन आकडा छातीवर लावल्याशिवाय आत प्रवेश नाही, हा तिथला नियमच आहे. पोरगी तिसऱ्या तुकडीत गेली याचा तुम्हाला आनंद झाला असणार. पण तिनं लहानपणी त्या याद्या पाहिल्या आहेत, अण्णा. तिला तेवढ्यापुरती सूट मिळते का, सरांना विचारून बघा.

वहिनींचा गुडघा आता कसा आहे? जिने चढू देऊ नका.

माया आहे तशी ठेवा.

तुमची,
उमा


लातूर
२९ जुलै २००३

चि. उमास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीचा गुडघा आहे तिथंच आहे, ती मात्र दिवसातून दहादा गच्चीवर जाते. सांगितलेलं ऐकायचं नाही हा आपल्या घरचा गुण तिनं माहेरून न आणता इथं येऊन घेतला.

सरांना भेटलो. ते म्हणाले की एकीला सूट दिली तर उद्या नवव्या तुकडीतली समदी पोरं बिल्ले काढून खिशात घालतील. त्यांचं बरोबर हाय. आपल्या आकड्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय ते मलाही कळत न्हाई, पण लातुरात सध्या रोमन लावलं की क्लास मोठा दिसतो. आणि माझं झेरॉक्सचं दुकान त्याच क्लासांच्या नोट्सवर चालतं, मी कोणत्या तोंडानं भांडू? वीरभद्र जिता असताना एकच बोलायचा, पोरगी डॉक्टर झाली पाहिजे. धाकट्या भावाचं तेवढं तरी माझ्या हातून व्हावं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. आरती अकरा दिवस क्लासला गेली नाही. ताटावर बसते आणि भाकरीचा काला करून उठते. डावं मनगट घासून घासून सालटं काढलंय. वहिनी खोबरेल लावायला गेली तर हात ओढून घेते. काल दुकानात आली, रद्दी कागदावर एक फुली काढली, शेजारी एक कोपरा, शेजारी एक काठी, आणि विचारलं की काका, हे किती होतात? मी म्हटलं एक्केचाळीस. तर म्हणाली, भूकंपात हे माझ्या मनगटावर जांभळं लिहिलेलं व्हतं, आत्या सांगायची दवाखान्यातल्या रांगेचा नंबर हाय. मग दवाखान्यात रोमन कशाला लिहितील?

उमे, वारसाच्या कागदासाठी ती यादी मी तहसीलात पाहिली होती. वीरभद्र एकोणचाळीस, त्याची बायको सरजा चाळीस आणि पुढं एकदम बेचाळीस. तवा वाटलं कारकुनाची चूक. पण अक्षर तुझं होतं. मधला कोण, ते मला सरळ लिही. फोन करू नको, दुकानात माणसं असतात. पोरगी वाळून चालली हाय, आणि पंधरा ऑगस्टपर्यंत आली न्हाई तर सर नाव काढणार आहेत.

वाट बघतो.

तुझा,
अण्णा


उमरी
२ ऑगस्ट २००३

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

मधली आरती होती.

हे मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. चौथीला रोमन अंकांचा धडा असतो. आरती माझ्याच वर्गात होती त्या वर्षी तो मी शिकवलाच नाही. साहेब तपासणीला आले तेव्हा मी राहून गेला म्हणाले आणि शेरा घेतला.

त्या दिवशी दुपारनंतर पाऊस लागला होता. ओसरीत तिघांना शेजारी शेजारी ठेवलं होतं, पोर मधोमध. आणणाऱ्यांनी सांगितलं, तिघंही गेले. वहीत लिहायचं आणि तोच आकडा मनगटावर घालायचा, असं काम होतं. ओली केली की जांभळी उमटते ती पेन्सिल होती. वीरभद्राच्या हातावर लिहिलं. सरजाच्या हातावर लिहिलं. मग आरतीचं मनगट हातात घेऊन लिहिलं. अण्णा, नाडी तिथंच असते. माझा अंगठा तिथंच होता. मला ती लागली नाही की मी ती पाहिलीच नाही, हे मला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की तो हात लवकर खाली ठेवायचा होता.

पुढं दोन तास मी त्याच ओसरीत लिहीत होते. बासष्टपर्यंत लिहिलं. मग उचलायला आलेला एक जवान ओरडला की ही मुलगी बोटं हलवते आहे. मी वहीतली ओळ खोडली. पक्की यादी करताना नाव गाळलं, खालचे आकडे बदलायचं त्राण नव्हतं. ती दवाखान्यात शुद्धीवर आली आणि हातावरचं काय म्हणून विचारलं, तेव्हा रांगेचा नंबर हे मीच सांगितलं. उमरीला बदलीही त्यासाठीच मागितली. तिकडं आपल्या गावचं कुणी नव्हतं.

तिला दहा वर्षं वाढवलं, त्यात कर्तव्य किती आणि भीती किती, हे मला विचारू नका. हे पत्र तिला द्यायचं की नाही, तुम्ही ठरवा. पण तिला काय झालंय ते सरांना कळलं पाहिजे, आणि ती जेवली पाहिजे. माझं काय व्हायचं ते होवो.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ आता तुमच्या मर्जीवर.

उमा


लातूर
१९ ऑगस्ट २००३

चि. उमास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तिला दिलं. मी आधी दोन दिवस ते खिशात ठेवून फिरलो. तिनं गच्चीवर बसून वाचलं, खाली आली, वहिनीला म्हणाली भूक लागलीय. तीन भाकरी खाल्ल्या. वहिनी चुलीशी तोंड फिरवून रडत होती.

तेरा तारखेला तिला घेऊन क्लासला गेलो. सरांना म्हटलं की ही पोरगी मेलेल्यांच्या यादीतून उठून तुमच्याकडं आली हाय, तिला तुमचा बिल्ला नको. सर आधी वरमले, मग नियम सांगाया लागले. मी म्हटलं, नियम राहू द्या, आकडा बदला, तवा कबूल झाले. दुकानात येऊन मोठा मराठी तीन काढला, लॅमिनेशन केलं आणि तिच्या ओढणीला लावला. आता रोज जाते. पोरं हसली म्हणे पहिल्या दिवशी. ती म्हणाली हसू द्या. मनगटाला खपली धरली आहे.

दुसरं लिहायला हात उचलत न्हाई. ती मला फक्त एक विचारत होती, की ते दोन तास आत्या तिथंच होती का. मी हो म्हणालो. खोटं कसं बोलू? त्यावर म्हणाली की आत्याला म्हणावं माझा राग न्हाई, शिव्या बी न्हाईत, पण आता भेटायला येऊ नको. तू सुट्टी टाकली असशील तर रद्द कर. परीक्षेच्या फॉर्मावर पालक म्हणून माझं नाव लावायला सांगितलंय. मी समजावलं, तर उठून गेली.

तू मला परकी झालेली न्हाईस. वहिनीचंही तेच म्हणणं आहे. जेवत जा.

तुझा,
अण्णा


उमरी
७ सप्टेंबर २००३

चि. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

अण्णांनी तुझा निरोप कळवला. मी येणार नाही. फॉर्मावर काकांचं नाव लाव, तेच योग्य आहे. तीस तारखेला दहा वर्षं होतात, त्या दिवशी तू काका-काकूंबरोबर गावी जा. मी यंदा जात नाही, म्हणजे तुला इकडंतिकडं बघावं लागणार नाही.

तुझी हिवाळ्याची गोधडी आणि जीवशास्त्राची जुनी वही शेजारच्या पंचशीलाबाई लातूरला जातील तेव्हा त्यांच्याबरोबर पाठवते. गोधडीला ऊन दाखवलं आहे. घरी बाकी सगळं ठीक. तुझ्या खोलीत मी सध्या वह्या तपासत नाही, बाहेरच बसते.

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. माफी दिलीस तर तुला एक काम वाढेल आणि मला झोप लागेल, एवढंच त्यातून होईल.

पण एक मागते. इतकी वर्षं तू झोपेत दचकायचीस, मी तुला थोपटायचे आणि काय दिसलं म्हणून कधीच विचारायचे नाही. तू सांगशील या धाकानं विचारत नव्हते. त्या दोन तासांत तुला काय ऐकू येत होतं, अंगावर पाऊस लागत होता का, आईचा हात कुठं होता, मी बोलत होते ते कळत होतं का, हे मला लिहून पाठव. जेवढं आठवतं तेवढं, माझा विचार न करता. ते तुझ्या एकटीकडं राहू नये. तू लिहिणार नाहीस, हे मला कळतं. तरी लिही.

तुझी,
आत्या