पंचांच्या फुफ्फुसातलं प्रेशर

४ ऑगस्ट
आज एकाच सामन्यात भरमसाट फाउल दिले. निम्मे तर झालेच नव्हते! पण करणार काय — बॉल त्या टोकाला गेला की पंचालाही पळावं लागतं, आणि छातीला हवाच पुरत नाही. शिट्टी मारली की खेळ थांबतो. मग पिवळं कार्ड शोधतोय असं दाखवत सगळे खिसे चाचपायचे, तेवढ्यात दम परत येतो. एक पोरगा रडकुंडीला आला. "सर, मी नुसता उभा होतो." म्हटलं, "उभं राहायचीही एक पद्धत असते."

७ ऑगस्ट
प्रेशरचं मशीन आणलं. एकशे वीस, ऐंशी! हिचं मोजलं, आमच्या लेकीचं मोजलं, दारात आलेल्या दूधवाल्याचंही मोजलं. सगळ्यांत झकास माझं. म्हणजे अंतिम सामना मीच घेणार. बगळ्याने बसावं वाट बघत. बगळा म्हणजे आमच्या मंडळातला तरुण पंच — लांब तंगड्या आणि माझ्या शिट्टीवर डोळा.

१२ ऑगस्ट
बूट पायात जाईनात. धुऊन आटले असं मी जाहीर केलं. ही म्हणाली, "अहो, बूट तेवढेच आहेत. पाय सुजलेत." लेकीने ऑफिसातून सुट्टी काढली आणि मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

मी मशीन बरोबर नेलं होतं, पुरावा म्हणून. बाईंनी ते कौतुकाने बघितलं आणि बाजूला ठेवलं. "हे हातातलं प्रेशर. मला शंका फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांची आहे. तिथलं दंडाला पट्टा बांधून कळत नाही." म्हणजे एकाच माणसात दोन प्रेशर! मला कोणी सांगितलंच नव्हतं.

इको काढला. हृदयाची डावी बाजू अंगभर रक्त पाठवते, उजवी फक्त फुफ्फुसांत. माझ्या फुफ्फुसांतल्या वाहिन्या अरुंद झाल्यात, म्हणून उजवी बाजू जीव खाऊन ढकलतेय आणि ढकलून ढकलून फुगलीय. डावी मजेत. थेट आमच्या मंडळाचा कारभार.

२१ ऑगस्ट
मानेतून बारीक नळी घालून आतलं प्रेशर मोजलं. वाढलेलंच आहे. पूर्ण बरं व्हायचं नाही, गोळ्यांनी आटोक्यात ठेवायचं. पळणं बंद. "आणि अंतिम सामना?" "बघायला जा की," बाई म्हणाल्या.

घरी येऊन मोरीत नळ सोडून रडलो. हिने बाहेरून विचारलं, पाणी किती वाया घालवणार आहात.

२३ ऑगस्ट
औषधवाल्याने चिठ्ठी वाचली, मग मला वाचलं. गोळ्या दुहेरी कागदात गुंडाळल्या आणि हळूच म्हणाला, "काका, जरा बेतानं." पुरुषांची ती प्रसिद्ध गोळी निघाली! मी म्हटलं, फुफ्फुसांसाठी आहे. तो म्हणाला, "हो हो, सगळे काही ना काही सांगतातच." मागची रांग फिसकन हसली.

हिने डॉक्टरीणबाईंना फोन लावून खात्री केली. ती गोळी फुफ्फुसांतल्या वाहिन्याही सैल करते म्हणे. तरी डबीवर ठळक अक्षरात 'फुफ्फुस' लिहून ठेवलंय. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी.

१९ सप्टेंबर
बूट पायात गेले. जिन्यात एकदाच थांबलो.

५ ऑक्टोबर
अंतिम सामना. मी टेबलाशी, घड्याळ घेऊन. बगळा हरणासारखा पळत होता. फाउल अगदी मोजके. लोक म्हणाले, यंदा खेळ काय वेगवान झाला! मी घड्याळाकडे बघत राहिलो. फार लागलं मनाला.

मध्यंतराला बगळा पाणी प्यायला आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, तो ऑफसाइड होता ना? माझी चूक झाली का?" होताच. पण मी म्हटलं, "तिथून तुला दिसणं अवघड होतं." बरं वाटलं. दोघांनाही.

११ ऑक्टोबर
तपासणी झाली. सुधारणा आहे. निघताना बाईंनी विचारलं, रक्ताच्या नात्यात आणखी कुणाला दम लागतो का? काही घरांत हे पिढीत उतरतं. मी छाती काढून सांगितलं, घरात हा मान फक्त माझा.

लिफ्ट बंद होती. जिना उतरलो, आणि फाईल वरच राहिली म्हणून लेक परत वर निघाली. दुसऱ्या वळणावर कठड्याला धरून थांबली. "बाबा, फोन आलाय, एक मिनिट."

तिचा फोन माझ्या खिशात होता.