बाकड्यापर्यंतची वाट

३ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. सहली काढणारी छोटी कंपनी आहे. हिमालयातल्या एका थंड हवेच्या गावाला गट जातात, त्यांचा कार्यक्रम आखायचा हे माझं काम. खिडकीजवळचं टेबल मिळालं. भिंतीवरचा नकाशा तिरका टांगलेला होता, तो आधी सरळ केला. मालक म्हणाले, अहो, तो कायमच तसा आहे, कुणाचं काही अडलं नाही. हेच तर दुखणं! हे गृहस्थ दर मोसमात तिथं जाऊन येतात आणि तिथली उत्तर दिशा कुठली ते यांना सांगता येत नाही. मी कधीच गेलो नाही. गरजही नाही. शाळा सुटल्यापासून जे शिकलो ते माझं मी शिकलो, आणि नकाशा मला वर्तमानपत्रासारखा वाचता येतो.

५ मार्च
जुना कार्यक्रम वाचला. कीव आली. ‘दुसरा दिवस, दुपारी : विश्रांती.’ हिमालयात जायचं ते लोळायला! मालक म्हणतात, लोकांना लोळायलाच आवडतं हो, आणि हॉटेलमागे आहेच काय? नाही कसं? नकाशावर हॉटेलच्या मागे डोंगराची सोंड स्पष्ट दिसते. उंची दाखवणाऱ्या रेषा वर विरळ होतात, म्हणजे सपाटी. सपाटी म्हणजे माणसं बसणार. माणसं बसणार तिथं बाकडं असणार, आणि बाकड्यापाशी कुणीतरी चहा विकणारच. तर्काला तिकीट काढावं लागत नाही.

लिहून टाकलं : ‘स्वयंपाकघराच्या मागून पायवाट. देवदारांतून चढण. डाव्या हाताला लोखंडी कठडा, त्याची मधली दांडी किंचित वाकलेली. वर सपाटी, हिरवं बाकडं. तिथं म्हातारबाबांकडे गरम चहा.’ वाकलेली दांडी ही माझी खास भर. असा एक बारकावा टाकला की वाचणारा मान डोलावतो.

मालकांनी विचारलं, हे बघितलंय का कुणी? मी म्हटलं, तुम्ही तरी काय बघितलंय? कागद छापायला गेला.

२ एप्रिल
पहिला गट परतला. मंडळी खूश. कापडदुकानवाल्या बाई तर सांगत सुटल्या की त्या बाकड्यावरून उठवतच नव्हतं, आणि बाबांच्या हातचा चहा म्हणजे काय सांगू! त्यांनी कठड्याचा फोटो दाखवला. अर्ध्या फोटोत त्यांचं बोट. उरलेल्या अर्ध्यात वाकलेली दांडी, बरोबर मधली.

फोटो पुन्हा मागून घेतला, दोनदा पाहिला खरा. पण त्यात नवल काय? तर्क बरोबर ठरला, एवढंच.

एक पेन्शनर मात्र एकटेच परतले. जाताना पत्नी बरोबर होती. विचारलं, तर म्हणाले, तिला तिथं आवडलं, राहिली. छत्री विसरून आल्यासारखे म्हणाले. काय एकेक माणसं असतात!

१८ एप्रिल
दुसरा गट आला. दोघी बहिणी गेल्या होत्या, धाकटी एकटी परतली. ताईला तिथं आवडलं, राहिली. तेच शब्द, तोच गुळगुळीत आवाज.

हॉटेलच्या मॅनेजरला फोन केला. तो वैतागला. स्वयंपाकघरामागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे दरी, म्हणाला. वाटबीट काही नाही, तुमची माणसं तिकडे तडमडायला जातात तरी कशाला? मालकांना सांगितलं. ते म्हणाले, घरच्यांची तक्रार नाही, तुम्ही कशाला उगाच खाजवून खरूज काढता? या माणसाच्या मेंदूला बुरशी आली आहे.

२० एप्रिल
पायवाट कार्यक्रमातून काढली. नवीन कागद छापून घेतले. ‘दुपारी : विश्रांती.’ माझ्या हातानं लिहिलं हे. लाज वाटली, पण झोप लागली.

२९ एप्रिल
आमची ही आज गटाबरोबर गेली. कंपनीतल्या माणसांच्या घरच्यांना सवलत असते, आणि पायवाट तर रद्द केलेली. तरी बजावलं, स्वयंपाकघरामागे फिरकू नकोस. हसली. म्हणाली, अहो, तुम्ही घरचा जिना उतरताना कठडा सोडत नाही, आणि मला डोंगर शिकवताय?

लोकांसमोर म्हणाली. ड्रायव्हरही हसला. गाढव.

२ मे
दुपारी हिचा फोन. बाकड्यावर बसली आहे.

म्हणाली, कागदावर विश्रांतीच होती हो, पण सगळे निघाले, मीही निघाले. चहा छान आहे. बाबा तुमची चौकशी करतात, म्हणतात, साहेबांनी सगळं बरोबर लिहिलंय.

मी म्हटलं, ऊठ. आत्ता ऊठ, खाली ये.

पलीकडे कपात चहा ओतल्याचा आवाज. मग त्या गुळगुळीत आवाजात म्हणाली की तिला तिथं आवडलं —

४ मे
गाडीत. डोळे मिटून बसलोय. वळणं नकाशावर बोटभर असतात. इथं प्रत्येक वळणाला खाली काहीच नसतं. ड्रायव्हर म्हणतो, काका, पहिल्यांदा आलात वाटतं. म्हटलं, रस्त्याकडे बघ.

५ मे, दुपार
मॅनेजर भिंत दाखवायला घेऊन आला. त्याला भिंत दिसते. मला वाट दिसते.

देवदार. कठडा. दांडीला हात लावला — बर्फासारखी. मीच वाकवलेली.

सपाटी. बाकडं. तिघी ओळीनं बसल्यात, पेन्शनरची बायको, ती थोरली बहीण, शेवटी ही. कप भरलेले. पितात, कप भरलेलेच.

हिला म्हटलं, चल. तिनं विचारलं, कुठून?

मागं वळलो — वाट नाही. कडा. नुसता कडा.

चढण लिहिली. दांडी लिहिली. चहा गरम आहे हेसुद्धा लिहिलं. उतरायचं कसं, त्याची एक ओळ नाही. जगाला अडाणी म्हणत फिरलो आणि परतीची वाट लिहिली नाही मी. मग पेन्शनर, ती धाकटी, कापडदुकानवाल्या बाई हे सगळे खाली आले कसे? का आलेच नाहीत, आणि ऑफिसात माझ्यासमोर बसले होते ते —

म्हातारा चहाची किटली खाली ठेवतो. माझ्या हातातल्या पेनाकडे बघतोय.

लिहितो, याच वहीत.

बाकड्यापासून उताराची वाट — आली. खरंच आली. दगडी पायरी. रुंद. ही उठली. तिच्यामागून त्या दोघी. उजव्या हाताला कठडा, दणकट. हिनं विचारलं, तुम्ही? म्हटलं, मी लिहितोय, तू चाल. मान वर करता येत नाही — थांबलो की पायरी थांबते — म्हातारा माझ्याशेजारी बसलाय, कप पुढे केलाय —

वळण. वळणावर देवदार, हिचा हात खोडावर. पुढे पायऱ्या, कोरड्या. धुकं नाही —

धुकं हा शब्द लिहायला नको होता. आता दिसत नाही ती. हाक मारते. अहो, पुढे काय?

पुढे पायरी आहे. तुझ्या पावलाखाली आहे. तिच्यापुढे आणखी एक, आणि तिच्या पुढे