व्याह्यांची सिगार, माझी जीभ

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ७
काल साताऱ्यात लेकीचा, ज्ञानदाचा साखरपुडा झाला. मुलगा शिवतेज. दोघं पुण्यात एकाच कंपनीत आहेत, तिथेच जमलं. मुलाविषयी तक्रार नाही. त्याच्या वडिलांविषयी आहे.

लालासाहेब. रिटायर्ड सुभेदार. ऊस, मिशा आणि आवाज. जेवणं झाल्यावर हॉलच्या मागे खुर्च्या टाकून बसलो तेव्हा त्यांनी खिशातून दोन सिगार काढल्या. वर्षातून चार-पाचच ओढतात म्हणे, समारंभाला. एक मला दिली. मी आजवर तीन ओढल्या आहेत, तिन्ही दुसऱ्यांच्या लग्नांत. म्हणजे अनुभव आहे. दोन झुरके झाल्यावर त्यांनी विचारलं, "कशी वाटली पाव्हणं?" मी म्हणालो, छान. ते म्हणाले, "छान म्हंजे कशी?" मी म्हणालो, धुरकट.

बारा माणसं हसली. त्यांचा चुलतभाऊ इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग लालासाहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू द्या. समद्यांनाच त्यातलं कळतं असं न्हाई."

हे मला. तासगावात मधुशेठच्या पेढीवर बावीस वर्षं बेदाणा चाखून लॉट पास-नापास करणाऱ्या माणसाला. दाणा जिभेवर ठेवला की रंगासाठी दिलेली गंधकाची धुरी जास्त झाली की कमी, ते सांगतो. मधुशेठ माझ्या मानेकडे बघून सौद्यात बोली लावतात. हलली तर घेतात.

संकल्प: लग्न ४ मेला आहे. तोपर्यंत सिगारमधली स्वतःची आवड शोधून काढायची. पद्धतशीर. लग्नात त्या माणसाला शांतपणे सांगायचं, तुमची जरा बाळबोध आहे, आम्ही अमुक ओढतो.

हे त्यांच्यासाठी नाही. स्वतःसाठी.

१४ जानेवारी, मंगळवार
नेटवर वाचलं. सुरुवात माइल्डने करावी. आठवड्याला एक. रिकाम्या पोटी नको. धूर छातीत घेऊ नये, तोंडात खेळवावा. प्रत्येक सिगारची नोंद ठेवावी. एकच सिगार दोनदा ओढल्याशिवाय मत बनवू नये. दुसऱ्यांच्या मतावर जाऊ नये. शेवटचा नियम मला सांगायची गरज नव्हती.

बायकोला, पद्माला तिळगूळ देताना बेत सांगितला. ती म्हणाली, आज गोड बोलायचं असतं, म्हणून उद्या बोलते.

१५ जानेवारी
बोलली. घरात ओढायची नाही. गच्चीत. खाली आल्यावर आधी आंघोळ.

मान्य केलं. मोठ्या कामाला घरून विरोध होतोच.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ९
सांगलीत सिगार मागितली तर दुकानदाराने विडीचं बंडल पुढे केलं. त्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. पुण्याहून कुरिअरने मागवल्या, पाच प्रकारच्या.

आज पहिली. माइल्ड. रिकाम्या पोटी ओढावी लागली, कारण पद्माने पोहे मुद्दाम उशिरा केले. कटर नव्हता. सुपारीच्या अडकित्त्याने टोक कापलं, तर सिगारचं पान उलगडत खालपर्यंत गेलं. दोऱ्याने बांधली.

चव: कडू. धूर: पुष्कळ. शेवट: पाण्याच्या टाकीला टेकून बसलो. घाम. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या शालूबाईंनी तिथूनच विचारलं, डॉक्टरांना बोलवू का. या बाईला दुसऱ्यांच्या गच्चीत बघायची सवय आहे.

निष्कर्ष: माइल्ड माझ्यासाठी नाही. माझी जीभ त्यापुढची आहे.

२ फेब्रुवारी, रविवार
मीडियम. अप्रतिम. मातकट, खोल, थोडी मसालेदार, मागून दगडफुलाची छटा. एवढं स्पष्ट लागलं की डोळे मिटले. दीड पान नोंद केली. हीच माझी आवड. तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत झालं.

दुपारी ३
पद्मा म्हणाली, सिगारचा डबा तिने फ्रीजमधून काढून गोड्या मसाल्याच्या फडताळात ठेवला होता. दूध नासल्यासारखं लागत होतं म्हणून.

तरीही दगडफूल ओळखलं ते मीच. जीभ शाबूत आहे. शोध पुढे चालू.

९ फेब्रुवारी
ज्ञानदाचा फोन. बाबा, त्यांनी गंमत केली हो, एवढं काय मनावर घेता. मुलगी अजून सासरी गेली नाही आणि पक्ष बदलला.

आठवड्याला एक हा नियम फार ढिला आहे. या वेगाने माझी आवड मला साठीत कळेल. दिवसाआड करतो. नियम नवख्यांसाठी असतात.

१७ फेब्रुवारी, सोमवार
हंगाम सुरू. मधुशेठने पेढीवर एक मुलगी घेतली आहे. क्रांती. कुंडलची. फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. बेदाण्यातला ओलावा मोजायचं मीटर गळ्यात अडकवून फिरते. मला म्हणाली, "सर, तुमी आधी चव बघा, मग मी मीटर लावते. मला शिकायला मिळंल."

परीक्षा घेते माझी.

२६ फेब्रुवारी, बुधवार
आता रोज एक. तरी मी अधूनमधून ओढणाराच आहे. सवय वेगळी, अभ्यास वेगळा.

नेटवरचे जाणकार लिहितात, अमक्या सिगारमध्ये चामड्याची चव लागते. मला लागेना. चामड्याची चव मुळात कशी हे माहीत असल्याशिवाय लागणार कशी? म्हणून सकाळी कोल्हापुरी चपलेचा अंगठा जिभेला लावून पाहिला. नवीन जोड होता, धुतलाही होता.

पद्मा दारात उभी होती. आत जाऊन बहिणीला फोन लावला.

८ मार्च, शनिवार
पद्माच्या हाताची चव गेली. चार दिवस आमटी अळणी. आज सांगितलंच. तिने चाखली आणि म्हणाली, मीठ जास्तच झालंय, मलाच खाववत नाही. खोटं बोलायलाही मर्यादा असते. वाटीत वरून मीठ घेतलं.

वय झालं की जिभेवर परिणाम होतो असं वाचलं आहे. तिला सांगितलं. आजपासून माझं मी वाढून घ्यायचं, असं ती म्हणाली.

सिगारची प्रगती उत्तम. आज स्ट्राँग ओढली. जी पूर्वी डोक्यात जायची ती आता काहीच करत नाही. पातळी वाढली.

१९ मार्च, बुधवार
परवा अवकाळी पाऊस झाला, शेडवर वाळत घातलेला बराच बेदाणा भिजला. सगळे व्यापारी घाबरून हात आखडून बसलेत. अशा वेळीच पारख लागते.

एक मोठा लॉट आला. रंग सुरेख. क्रांतीने मीटर लावलं, ओलावा जास्त दाखवला. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, आंबूस वास येतोय. परत एकदा बघता का?" चार माणसांसमोर. मी म्हणालो, तू शाळेत होतीस तेव्हापासून बघतोय. तरी एक दाणा चावला. गोड. फळाची छटा, किंचित कोको. मान हलवली. मधुशेठनी घेतला.

क्रांती मीटर पुसत राहिली. उद्धट आहे.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा
कडुलिंबाची चटणी यंदा सौम्य निघाली. दोन चमचे खाल्ली. शालूबाई प्रसादाला आल्या होत्या, त्यांनी कण घेऊन तोंड वाकडं केलं. नाटकी बाई.

पद्मा म्हणाली, अजून एक चमचा खा बघू. खाल्ला. मग म्हणाली, अहो, तुम्हाला खरंच काही लागत नाही का?

सणाच्या दिवशी वाद नको म्हणून गच्चीत गेलो.

४ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६
लिहायचं नव्हतं. लिहितो.

तो लॉट परत आला. सगळा. आतून आंबलेला. गुजरातच्या ज्या व्यापाऱ्याने मधुशेठचा माल पंधरा वर्षं पेटी न उघडता घेतला, त्याने फोनवर सांगितलं की यापुढे उघडून घेणार.

मधुशेठनी केबिनमध्ये बोलावलं. क्रांतीही होती. टेबलावर दोन ताटल्या. मधुशेठ म्हणाले, "सुमंतराव, डोळे मिटा." बावीस वर्षांत मला कुणी डोळे मिटायला सांगितलं नव्हतं, मी आपणहून मिटायचो. पहिला दाणा. मी म्हणालो, चांगला माल आहे. दुसरा दाणा. मी म्हणालो, हा आंबलेला. ते म्हणाले, पुन्हा. पुन्हा तेच सांगितलं, जोर देऊन.

डोळे उघडले. पहिला परत आलेल्या लॉटमधला होता. दुसरा मधुशेठच्या स्वतःच्या बागेतला, देवापुढे ठेवतात तो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. क्रांती म्हणाली, "शेठ, सरांना सर्दी झाली असंल." मी म्हणालो, मला सर्दी नाही. तेवढं खरं बोललो दिवसभरात.

५ एप्रिल
डिस्पॅचला बदली. पेट्यांवर शिक्के बरोबर आहेत का बघायचं. मोकळ्या हवेतलं काम आहे. जबाबदारीचं. प्रमोशनच म्हणायचं, पत्र तेवढं नाही.

सौद्याला आता क्रांती बसते. मधुशेठ तिच्या मानेकडे बघतात. निघताना ती विचारायला आली होती, गंधक जास्त झालेला दाणा चावल्यावर आधी कुठं लागतो, जिभेच्या टोकाला का मागं. मी सांगितलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार
डॉक्टर. जीभ बाहेर काढून टॉर्च मारला. विचारलं, दिवसाला किती. मी म्हणालो, अधूनमधून. ते म्हणाले, अधूनमधून म्हणजे किती. म्हणालो, दोन. कधी तीन. म्हणाले, आजपासून शून्य, चव बहुतेक येईल परत. बहुतेक म्हणजे काय, विचारलं. बहुतेक म्हणजे बहुतेक, म्हणाले. अर्धवट माणूस.

पद्माला बदलीचं सांगितलेलं नाही. लग्नघर आहे. डब्यात चार उरल्या आहेत. त्या संपल्या की बंद.

१३ एप्रिल, रविवार
संपल्या. शेवटच्या चारही सारख्याच लागल्या. म्हणजे लागल्या नाहीत.

१७ एप्रिल, गुरुवार
पद्माला माझ्या जिभेचं माहीत आहे. किती दिवसांपासून ते कळत नाही. आज जेवताना माझं ताट तिनेच वाढलं आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, आमटीत आज चिंच जरा जास्त झालीय, भाजी तिखट आहे, भाताबरोबर घ्या. मी न विचारता.

प्रत्येक घासाला सांगते. राग येतो. ती थांबली की पुढे काय खातोय ते कळत नाही, म्हणून गप्प बसतो.

२२ एप्रिल, मंगळवार
क्रांतीला सांगितलं. गंधक आधी नाकात मागून येतो, जीभ नंतर. तिने लिहून घेतलं. सर, अजून सांगा, म्हणाली. गाडी भरायची होती, म्हणून निघालो. अजून बरंच आहे. बघू.

२९ एप्रिल, मंगळवार. सकाळी १०
लालासाहेबांचा फोन. हाच तो दिवस. गेले साडेतीन महिने मी याच माणसाशी मनातल्या मनात बोलत होतो आणि दरवेळी जिंकत होतो.

आधी जेवणाची पानं, वाजंत्री, गाड्या किती, ते झालं. मग म्हणाले, "पाव्हणं, साखरपुड्याला मी जरा जास्तच बोललो. लोकं हसली, ते मला बरं वाटलं न्हाई. घरचीबी बोलली मला. तर लग्नाला तुमच्या आवडीचीच सिगार आणतो. सूनबाई म्हणत होती, तुमचा लय अभ्यास झालाय. कसली आवडती सांगा. म्हागातली असू द्या, हलकी असू द्या. तुमची आवड."

वही हातातच होती. सत्याऐंशी सिगार. एक्केचाळीस पानं. उलटत गेलो. मातकट. कोको. चामडं. मातकट. अप्रतिम. पुन्हा मातकट. सगळं माझंच अक्षर, आणि एकही चव आठवेना.

म्हणालो, तुम्ही आणाल ती.

ते म्हणाले, "तसं नगं. तुमाला काय आवडतं ते सांगा की."

या माणसाने आवाज चढवला असता तर मला काहीतरी सुचलं असतं. मग पद्माला हाक मारली, फोन तिच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो. दार लोटलं, पण ते पूर्ण बसत नाही.

पद्मा म्हणाली, "सिगार नको भाऊ. कंदी पेढे आणा साताऱ्याचे. गोड तेवढं कळतं त्यांना अजून."

मी कान देऊन बसलो. फोन स्पीकरवर होता. लालासाहेब हसले नाहीत. एवढंच विचारलं, "किती किलो आणू?"