उसनी फुंकर

४ मार्च
नाही देणार! दुकान भाड्याने द्यायचं नाही म्हणजे नाही. पाटीवर लिहून दाखवलं, खाली दोन रेघाही ओढल्या. मुलगा म्हणतो, मोबाइल दुरुस्तीवाला महिनाअखेरपर्यंतच थांबेल. आणि बासरी करणाऱ्याला ती फुंकूनच बघता येत नसेल, तर दुकान उघडून करणार काय?

प्रश्न चोख आहे. माझाच मुलगा. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, मानेला भोक ठेवलं, श्वास आता तिथून. आवाज गेला, फुंकर गेली. चहासुद्धा आपला आपण निवेपर्यंत बघत बसायचं. पण हात गेले का? कान गेले का? महिनाअखेर एक बासरी करून संगीताच्या मास्तरांच्या हातात देतो. त्यांनी ठेवून घेतली तर दुकान माझं, नाहीतर किल्ली मुलाची. तो लगेच कबूल झाला. मी हरणार असंच धरून चालला असावा.

६ मार्च
माळ्यावरचा वाळलेला बांबू काढला. पातळ सालीचा, सरळ. एका टोकाला बूच मारलं, सळई तापवून फुंकरीचं भोक पाडलं. धूर थेट मानेत! खोकून खोकून अर्धा झालो. बायकोने गळ्याला ओलं फडकं बांधलं आणि वर ऐकवलं, "एवढी हौस आहे तर जरा सावकाश मरा."

७ मार्च
सायकलच्या पंपाने हवा मारून पाहिली. फुस्स. गाढव आहे मी.

८ मार्च
अडला हरी... शेवटी बायकोलाच बसवलं. हिला बासरीचं वावडं. लग्न होऊन आली तेव्हापासून एकच पालुपद — दिवसभर पीं पीं, डोकं उठतं. आज नाक मुरडत ओठ लावले. नुसती थुंकी उडाली. मी पाटीवर लिहिलं, ओठ आवळ. तर म्हणाली, लिहू नका, करून दाखवा. आवळून दाखवले — वारा नसलेले ओठ. दोघं समोरासमोर माशांसारखी तोंडं करून बसलो. ती हसत सुटली. मीही हसलो, बिनआवाजाचा.

१२ मार्च
वाजली! धड एक सूर.

१७ मार्च
बोटांची भोकं झाली. भोक आधी बारीक पाडायचं, मग कानसीने वाढवत सूर चढवायचा. मोठं झालेलं भोक पुन्हा लहान होत नाही. ती फुंकते, मी ऐकतो, घासतो, ती पुन्हा फुंकते. नवल म्हणजे नेहमीच्या मापाने प्रत्येक सूर खालीच लागतोय. माप तर हाताला पाठ आहे! कान म्हणतो, वाढव. कानाचं ऐकलं.

"ते तिसरं अजून रडतंय," ती म्हणाली. खरंच रडत होतं.

मुलगा डोकावला. आईला कशाला दमवता, म्हणाला. तिने फुंकर न सोडता डोळ्यांनीच त्याला बाहेर काढलं.

२६ मार्च
दोरा गुंडाळला, तेल पाजलं, मास्तरांकडे पोचती केली. मुलाने किल्लीसाठी हात पुढे केला. त्या हातावर टाळी दिली.

२९ मार्च
मास्तर बासरी परत घेऊन आले. संकोचाने बोलत होते — बनावट सुरेख आहे हो, पण सगळेच सूर चढलेत. वाजवून दाखवली. चढलेच होते. मुलगा दाराशी उभा.

हिने बासरी त्यांच्या हातून घेतली, पदराने पुसली आणि वाजवली. सूर जिथल्या तिथे! तेव्हा डोक्यात उजेड पडला. मास्तरांची फुंकर कसलेली, सूर चढवणारी; हिची हलकी, उतरवणारी. भोकं मी हिच्या फुंकरीवर लावली होती. ही बासरी जगात एकाच माणसाला बसते.

मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला माझ्या फुंकरीची एक करून द्या. मी रोज येऊन बसतो."

मुलाने किल्लीचा विषय काढला नाही.

३० मार्च
ही सकाळपासून वाजवत बसली आहे. हीच ती, डोकं उठणारी! इतकी वर्षं 'अगं'वर भागवलं. आज पहिल्यांदा तिला नावाने हाक मारावीशी वाटली, आणि आवाज नाही. फार वाईट वाटलं.

पाटीवर नाव लिहून तिच्यासमोर धरलं. तिने वाचलं, बासरी खाली ठेवली आणि ओ दिली.