गुरुवारच्या सहीआधी

हडपसर, पुणे
मंगळवार, १३ नोव्हेंबर २०१८

प्रिय उल्का,

काल फोनवर तू सरळच विचारलंस, या लोकांचे पैसे घेऊ का? आणि मी म्हणाले, "घे, माणसं चांगली आहेत." त्या वेळी त्यांच्यातलाच एक, श्यामसुंदर, माझ्या समोरच्या खुर्चीत बसून माझ्याच डब्यातली मटकीची उसळ खात होता. तू ऐकलंस ते त्याच्यासाठी बोललेलं होतं. तुझ्यासाठीचं आता लिहिते. गुरुवारी करारावर सही करण्याआधी हे वाच. आमच्या जुन्या कारागिराला, दत्तोबाला, साताऱ्याच्या एसटीत बसवून त्याच्या हाती पाठवतेय, कारण ऑफिसचा फोन, मेल, कुरियर सगळं हल्ली त्यांच्या नजरेखालून जातं.

तीन वर्षांपूर्वी मीही तुझ्यासारखीच हरखले होते. बाजार समित्यांकडून इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांना मागणी येत होती आणि माझ्याकडे यंत्रं होती दोन, तीही कुरकुरणारी. बँकेचा साहेब आणखी तारण मागत बसला. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, सरकारी परवान्याच्या गुंतवणूक कंपन्या असतात. त्या कर्ज देत नाहीत, धंद्यात भाग घेतात. हप्ता नाही, व्याज नाही, आपण वाढलो की तेही वाढतात. मी त्यांचं सेबीचं नोंदणीपत्र मागितलं, नंबर पडताळला. अगदी खरा निघाला, आणि तिथेच मी चुकले. बावीस वर्षं काटे करतेय मी. आमच्याकडे वजनमापे निरीक्षक येतो, काटा तपासतो, शिक्का मारतो, आणि मग गिऱ्हाईक निर्धास्तपणे माल तोलतं. शिक्का आहे म्हणजे काटा खरा, ही सवय माझ्या हाडीमाशी खिळलेली. यांच्यावरचा शिक्का एवढंच सांगत होता, की यांना हा धंदा करायची परवानगी आहे. माझ्याशी ते कसे वागतील हे तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.

आणि माझा पुणेरी ताठा होताच. पहिल्याच बैठकीत श्यामसुंदरनं विचारलं, पुढच्या वर्षी किती काटे कराल? आम्ही तेव्हा जेमतेम चार हजार करत होतो. शनिवार पेठेत वाढलेली बाई परक्यासमोर कमी कशी दिसेल? मी बारा म्हणाले. तो हसला नाही, शंका काढली नाही, फक्त लिहून घेतलं. मला वाटलं, काय गुणी मुलगा आहे. पुढे शंभर पानांच्या इंग्रजी करारात तोच आकडा माझ्या सहीखाली आला. मागच्या पानांत दोन कलमं होती. सलग दोन वर्षं ठरलेला आकडा गाठला नाही, तर कारभारी ते नेमणार. आणि ते आपला हिस्सा विकतील तेव्हा आम्हालाही आमचा विकायला लावू शकतील, भाव ते ठरवतील तो. वकिलाला दाखवायला हवं होतं, पण फी वाचवली. शहाणपणा म्हणतात तो हाच.

पैसे वेळेवर आले, नवी यंत्रंही आली. श्यामसुंदर घरी आला तेव्हा चपला बाहेर काढून, आईच्या पाया पडून आत आला. "आम्ही मालक नाही हो आई, पाहुणे आहोत," असं आईला म्हणालाही. पहिल्या वर्षी सहा हजार काटे झाले, दुसऱ्या वर्षी साडेसात. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दोन वर्षं, आणि करारानुसार दोन्ही नापास. मग त्यांचा कारभारी आला. प्रत्येक काटा स्वतःच्या हातानं जुळवणाऱ्या दत्तोबाला एका पत्रानं घरी बसवलं. आता दहातला एकच काटा तपासतात. मी तक्रार केली तर मला त्याच कलमाची प्रत पाठवतात, नमस्कारासकट. आवाज कधी कुणी चढवत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

दिवाळीच्या आधी दोन माणसं आवारात टेप लावून जमीन मोजत होती. शेडखालची जागा कंपनीच्याच नावावर आहे, आणि हडपसरात आता जमिनीला जो भाव आहे तो काट्यांना या जन्मी येणार नाही. मी विचारलं, तर श्यामसुंदर म्हणाला, "नुसतं मोजून ठेवतोय मॅडम." तेव्हापासून मला झोप नाही. शेडमध्ये अडतीस माणसं आहेत, त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

हे लोक चोर नाहीत, उल्का. असते तर मी पोलिसांत गेले असते. त्यांनी जे केलं त्याला माझीच सही आहे. असा पैसा घेऊन मोठे झालेलेही मी पाहिलेत, त्यांनी आधी कागद वाचून घेतला होता. तुलाही घ्यायचा असेल तर ती दोन कलमं काढून टाकायला लाव, आणि वर्षाला किती पिठाच्या गिरण्या बनवशील तो आकडा खरा सांग. नाही म्हणाले तर उठून ये. महामार्गालगतची तुझी जागा, तुझी पंचवीस माणसं, सगळं त्या एका सहीवर आहे.

आता, मी हे का लिहितेय ते. तू काल कौतुकानं म्हणालीस, की या लोकांना तुझी सगळी माहिती आधीपासूनच होती, किती अभ्यास करून आले होते. ते मी सांगितलं. गणपतीत श्यामसुंदरनं मला निवड दिली: यंदा जमीन विकायची, की त्यांना असाच एखादा चांगला धंदा दाखवून एक वर्ष मिळवायचं. मी तुझं नाव दिलं. जागा तुझ्या कंपनीच्या नावावर आहे हे सांगितलं. तुझ्या अनंतरावांना पक्षाघात झाल्यापासून तू दमली आहेस, शंभर पानं वाचणार नाहीस, मला विचारशील आणि माझ्यावर विश्वास ठेवशील, हेही मीच सांगितलं. मला ते वर्ष तुझ्या सहीनंतर मिळायचं आहे. तू सही केली नाहीस, तर शुक्रवारी ते माझ्याकडे येतील. येऊ देत.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
मंदा