बाहुलीच्या कांचळीतले आरसे

याडी, माझे आई, तू मला शिवून दिलेली बाहुली आता सिनेमात आहे. सिनेमा म्हणजे काय हे तुला किती सांगावं? पुसदच्या टॉकीजमध्ये तू एकदा गेली होतीस आणि अंधार झाल्याबरोबर उठून बाहेर आलीस, असं काकी सांगते. तर या सिनेमात माणसं नाहीत, नुसती खेळणी आहेत. तांडा ऊस तोडायला गेला, घरांना कुलपं लागली, आणि मागं राहिलेली खेळणी बंद घरात एकमेकांशी बोलतात, भांडतात, वाट पाहतात. मातीचे बैल, पाय तुटलेला घोडा, भोवरा, आणि सगळ्यांची म्होरकी तुझी बाहुली. त्यांना हलवायचं काम माझं. बाहुलीचा हात तिळभर उचलायचा, बाजूला व्हायचं, फोटो काढायचा. परत तिळभर, परत फोटो. ते सगळे फोटो भरभर दाखवले की बाहुली हात हलवते. हे मी पुण्यात शिकले आणि यावरच माझं पोट चालतं. काकीला अजून ते पटत नाही. "म्हणजे तू दिवसभर बाहुल्या खेळते, अन् लोकं तुले त्याचा पगार देतेत?" असं ती दर वेळी विचारते, आणि मी दर वेळी हो म्हणते.

पुसदच्या बाहेर एका बंद जिनिंगचं गोदाम आम्ही भाड्यानं घेतलं होतं. भर वैशाखात. पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्यानं बाहुलीच्या फेटियाचा, घागऱ्याचा, घेर हलतो आणि फोटो बिघडतो. वर टिनं तापलेली, खाली दिवे तापलेले, आणि भिंतींच्या भेगांत कुठल्या तरी जुन्या हंगामाचा कापूस अजून अडकलेला. सकाळी बाहुली मान खाली घालून बसलेली असायची, जेवायच्या सुट्टीपर्यंत तिची मान थोडी वर व्हायची. इतक्या सावकाश काम करताना मन कुठल्या कुठं जातं. बोटं बाहुलीच्या खांद्यावर असतात आणि मी आपल्या घरात असते. तू चुलीपुढं बसली आहेस, माझ्याकडं पाठ करून. कांचळीच्या नाड्या पाठीवर बांधलेल्या. भाकर थापताना हातभर बांगड्या एकदम वाजतात. मागं न बघताच तू म्हणतेस, "पोट्टे, उंबऱ्यात नोको बसू." मी उंबऱ्यातच बसते. हे तू आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच म्हणाली असणार, पण इतकी वर्षं बाहेर बोलून बोलून मला तुझं सगळं बोलणं आता वऱ्हाडीतच ऐकू येतं, त्याला काय करू? मग कॅमेरावाला "झालं ताई" म्हणतो, आणि मी बाहुलीचा खांदा आणखी तिळभर फिरवते.

बाजाराचा तो दिवसही तिथं सारखा येत राहिला. पुसदला एका दुकानात डोळे मिटणारी प्लास्टिकची बाहुली टांगलेली होती, गोरीपान. ती पाहिजे म्हणून मी भर रस्त्यात फतकल मारली. तू मला दंडाला धरून उचललंस आणि लोकांदेखत झापलंस, "घरी चाल तू, मंग दावते तुले." आता मार बसणार म्हणून मी वाटभर रडत आले. घरी आल्यावर तू पेटी उघडलीस, तुझ्या लग्नाची आरसे टाकलेली कांचळी, चोळी, काढलीस आणि तिला सरळ कैची लावलीस. काकी धावत आली. "लगनाची कांचळी कापते का वं? डोकं फिरलं का तुहं?" दातात दोरा तसाच धरून तू म्हणालीस, "मले होत नाही आता थे. पेटीत ठेवून काय लोणचं घालू तिचं?" त्याच कापडाची बाहुली शिवून आत आपल्या वावरातला कापूस भरलास, तोही घाईत, सरकी नीट न काढता, बाहुलीचं पोट दाबलं की अजून बोटाला सरकी लागते. चेहरा मात्र कोराच ठेवलास. मी विचारलं, "हिले डोये काहून नाही?" तू म्हणालीस, "एवढे आरसे हायेत नं. त्याच्यातूनच पाह्यते थे. तू पुढं आली का तू दिसते तिले." पुढच्या हिवाळ्यात तू तापानं गेलीस. पेटीतलं बाकीचं कुणाकुणाला वाटलं गेलं. तुझ्या हातचं म्हणून माझ्याजवळ ही बाहुली तेवढी राहिली.

आणि त्या आरशांनीच घोळ केला. सिनेमाच्या शेवटी बाहुली दाराशी उभी असते, बाहेर पावलं वाजतात, ती मान वर करते. कॅमेरा अगदी जवळ. पहिल्या दिवसाचे फोटो पाहून कॅमेरावाला डोकं खाजवत म्हणाला, "ताई, तुमी दिसून राह्यल्या नं फोटोत. अन् एका जागी नाही, साऱ्या आरशात." खरंच होतं. फोटो एकामागून एक चालवले की बाहुलीच्या छातीवर घामेजलेल्या बायकांची जत्रा भरायची, आणि सगळ्या बायका मीच. लांबच्या दृश्यांसाठी आम्ही एक नक्कल शिवली होती, पण ती जवळून दुकानातली वाटे. आमची डायरेक्टर पुण्याची, माझ्यापेक्षा लहान. ती म्हणाली, "ताई, आरसे काढू या ना. तेवढ्या जागी चंदेरी कापड लावू, कुणाला कळणार पण नाही." माझं डोकं सणकलं. आत तार घालायला बाहुलीच्या कुशीची शिवण मीच उसवली होती, ती परत घालता येते. पण आरसा काढला की त्याच्याभोवती तू घातलेला टाका गेला, तो कोण घालणार? मी म्हटलं, "हात तर लावून पाह्य, मंग सिनेमा कसा पुरा होते थे पाहू." तिचे डोळे भरून आले होते. त्या दृश्याशिवाय सिनेमाला शेवट नव्हता, आणि गोदाम सोडायची वेळ जवळ आली होती. "मग तुम्हीच सांगा काय करायचं," एवढं म्हणून ती बाहेर निंबाखाली जाऊन बसली. मी बाहुली मांडीवर घेऊन आत बसले. राग तिचा कमी आणि ती बरोबर बोलली याचाच जास्त होता.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून काळं कापड आणलं. चारी बाजूंनी टांगलं, कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवलं, आणि मी स्वतः डोक्यापासून पायापर्यंत तेच कापड गुंडाळून घेतलं. त्या उन्हाळ्यात, याडी. डबा घेऊन आलेली काकी दारातच थांबली. "काय बाप्पा, हे कायचं सोंग?" मला हसायलाही जागा नव्हती. पण आता आरशांत माझ्याऐवजी नुसता अंधार आला आणि अंधारात एक बारका दिवा. बाहुली तिळभर वळली की तो दिवा एका आरशातून निघून दुसऱ्यात जायचा, तिथून तिसऱ्यात, जसं कुणी कंदील घेऊन खोल्या-खोल्यांतून फिरतंय. डायरेक्टरनं ते पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. तुझा एकही टाका निघाला नाही.

शेवटच्या फोटोच्या वेळी बाहुलीची मान पूर्ण वर झालेली होती. त्या एका फोटोला मी तोंडावरचं कापड बाजूला केलं. मुद्दाम केलं, आणि कुणाला सांगितलं नाही. याडी, मला तुझे हात आठवतात, पाठ आठवते, बांगड्या आठवतात. चेहरा आठवत नाही. तुझा एकही फोटो कुणी काढला नाही. मी थेट तुझ्यावर गेले असं सगळा तांडा म्हणतो, म्हणून माझा जो चेहरा होता तो मी त्या आरशांत ठेवला.

मागच्या आठवड्यात तांड्यात देवळापुढं पडदा लावून सिनेमा दाखवला. तो फोटो डोळ्याचं पातं लवतं तेवढाही टिकत नाही, म्हणून मी श्वास धरून बसले होते. आणि बरोबर तेव्हाच माझी पापणी लवली. उघडून पाहते तर सिनेमा संपून पडद्यावर नावं आलेली. शेजारी काकी पडद्याकडं बघत हळूच म्हणाली, "आत्ता तुही माय दिसली मले." ती मीच होते, हे मी तिला सांगितलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे कागद मी कुठं पाठवणार नाही आणि इथं खरं लिहायला हरकत नाही: काकीचा मला एवढा हेवा वाटला की घरी येईपर्यंत मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही.