बा, पाठीला पाणी लागू देऊ नका

बा, मी शाळेत शिकवायला निघालेय. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. तोंड कशाच्या अ‍ॅलर्जीनं भाजतंय ते शोधायला डॉक्टरीणबाईंनी पाठीवर लावलेल्या पट्ट्या उद्यापर्यंत कोरड्या राहायला हव्यात. गेल्या वेळी देवाच्या सेवेसाठी आंघोळ केलीत नि सगळ्या सुटून आल्या! म्हणून आज न्हाऊन मीच देवघरातल्या ठाकोरजींना जागं केलं, दूध-खडीसाखरेचा नैवेद्य दाखवला. मला तुमच्यासारखं गाता येत नाही, पण देवानं सुनेच्या सेवेवर कुरकुर केली नाही. खिचडी गार करून झाकलीय, मिरची घातलेली नाही.

वर्षभर तुम्ही ‘तोंड भाजतंय’ म्हणायचात आणि मला वाटायचं, सासू म्हणून माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवताय. काल पट्ट्या लावताना तुमची पाठ पाहिली. किती वाळलात हो, बा!

— जिगीषा